आवर्तन की उपकार?

सेनगाव तालुक्यातील साखरा येथे माघी गणेश जयंतीला एका घरी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने चालली होती. मध्येच मोजणी चुकली. वीस झाली की एकवीस, यावर थोडी कुजबुज झाली आणि मनात संशय नको म्हणून सर्वांनी पुन्हा एक आवर्तन केले. त्याच घराच्या ओसरीवर दैनिक पडले होते. त्यात ठळक मथळा होता : ‘आवर्तन सोडण्याचे आश्वासन’. शब्द एकच, पण घरात त्याचा हिशोब किती कठोर आणि शासनदरबारी किती सैल!

‘वृत्’ या धातूचा हा शब्द. वर्तुळ, आवृत्ती, परिवर्तन ही त्याचीच भावंडे. आम्हा पत्रकारांचे ‘वृत्त’देखील त्याच कुळातले. नुसते पुन्हा येणे म्हणजे आवर्तन नव्हे. ठरल्या मापाने, ठरल्या जागी परत येणे म्हणजे आवर्तन. त्रितालाच्या सोळा मात्रा पूर्ण झाल्या की सम यायलाच हवी. तबलजीने ती अठराव्या मात्रेवर आणली, तर श्रोते त्याला नवे आवर्तन म्हणत नाहीत, बेताल म्हणतात.

पाटबंधाऱ्याच्या व्यवहारात हा शब्द आला तो याच अर्थाने. सिंचनाच्या हंगामात कालव्याला ठराविक अंतराने पाणी सुटेल, शेजपाळीने प्रत्येक शेताला ते मिळेल, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आधी भिजेल, अशी ती रचना. शेतकरी नमुना सातचा अर्ज भरतो, पाणीपट्टी भरतो. हा सरळ करार आहे. मग पाणी सुटले की ते ‘सोडल्याबद्दल’ आभाराचे फलक कशासाठी लागतात? चाकावर हात ठेवलेल्या पुढाऱ्याचे छायाचित्र कशासाठी छापले जाते? (ते छापणारे आम्हीच, हेही कबूल केले पाहिजे.) येथे पक्षभेद नाही, सत्तेत कोणीही असो, फलकावरचा चेहरा तेवढा बदलतो.

पिकाला मात्र फलक वाचता येत नाही. गव्हाला पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटताना पाणी लागते. पुढे फुलोऱ्यात आणि दाणा भरताना लागते. हरभऱ्याचेही तसेच, घाटे भरण्याची वेळ टळली की टळली. पंधरा दिवस उशिरा आलेले पाणी कागदोपत्री आवर्तन ठरेल, शेतात ते ओलाव्यापलीकडे काही देत नाही.

यावर उत्तर ठरलेले असते : पाऊसच कमी, धरणच रिकामे, तर आवर्तन कोठून द्यायचे? पूर्णेवरचे येलदरी आणि त्याखालचे सिद्धेश्वर, दोन्ही पावसावरच भरतात, हे साखऱ्यातले शाळकरी पोरही जाणते. रिकाम्या धरणाकडे कोणी पाणी मागत नाही. परंतु धरणात साठा किती, हे ऑक्टोबरच्या मध्याला कळलेले असते. त्या साठ्यावर तीन आवर्तने होतील की एकच, याचा हिशोब पेरणीपूर्वी मांडता येतो. एकच होणार असेल तर तसे स्पष्ट सांगावे; शेतकरी गहू टाळून करडई पेरील. कमी पाण्याने त्याचे नुकसान होतेच, त्याहून अधिक ते खोट्या आशेवर केलेल्या पेरणीने होते.

आणि ज्याला नियम नाही, त्याला मात्र आपण खुशाल ‘चक्र’ म्हणतो! मराठवाड्यातील दुष्काळाचे चक्र, हा व्यासपीठावरचा लाडका शब्दप्रयोग. 1972, मग 2012, 2015, 2018. या वर्षांमधली अंतरे मोजून पाहावीत. चाळीस वर्षे, तीन वर्षे, तीन वर्षे. यात कोणते चक्र आहे? मधल्या काळात विंधन विहिरी किती खोल गेल्या, उसाखालचे क्षेत्र कोणी वाढू दिले, पाझर तलावांतला गाळ का साचू दिला, हे प्रश्न ‘चक्र’ म्हटले की गळून पडतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ती वेळ ग्रहांनी आणली नव्हती.

ज्याचे वेळापत्रक माणसाच्या हाती आहे ते लहरीवर सोडायचे आणि ज्यात माणसाच्या चुका आहेत ते निसर्गाच्या माथी मारायचे, असा हा शब्दांचा व्यापार आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यात गिऱ्हाईक होऊ नये. कालवा सल्लागार समितीची बैठक पेरणीपूर्वी व्हावी, आवर्तनांच्या तारखा लाभक्षेत्रातील प्रत्येक गावच्या चावडीवर लागाव्यात, आणि तारीख चुकल्यास तिचे कारण त्याच फलकावर, त्याच अक्षरात लिहिले जावे, एवढी मागणी घेऊन त्यांनी उभे राहावे.

त्या दिवशी आरतीनंतर यजमान म्हणाले, “आमचं रान विहिरीवर आहे, कालव्याचं आम्हाला काय! पण धाकट्या लेकीचं सासर कालव्याकाठी. ती फोनवर विचारते, बाबा, पेपरात तारीख आली का?”