‘एंटर’ची कळ आणि शेतकऱ्याचा अर्ज

पीक-विमा, ठिबक सिंचन, शेततळें, औजारें इत्यादिकांसाठीं करावयाचे अर्ज हल्लीं बहुधा संगणकावर भरावे लागतात. या सोयीविरुद्ध आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु रकाने भरीत असतां ‘एंटर’ची कळ दाबली गेली कीं अपुराच अर्ज रवाना होतो, हा दोष दिसावयास बारीक असला तरी त्याचा भुर्दंड शेतकऱ्यासच सोसावा लागतो. तो टाळतां येण्याजोगा आहे, म्हणून त्याविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

टाइपरायटरवर नवी ओळ धरण्यासाठीं जी दांडी ओढीत, तिचीच ही कळ वंशज होय. पुढें तिच्यावर दुसरें काम आलें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या नियमांत, अर्जांत एकच एकओळी रकाना असेल तर ‘एंटर’ म्हणजे अर्ज पाठविण्याची विनंती समजावी, असें सांगितलें होतें. शोधाच्या एका रकान्यास तें योग्यच होतें. हल्लींच्या नियमाप्रमाणें मात्र रकाने कितीही असोत, एकओळी रकान्यांत ‘एंटर’ दाबतांच अर्जांतील पहिलें ‘सबमिट’ बटण दाबलें गेल्यासारखें होतें. आणि ज्या बटणाचा प्रकार लिहिलेला नाहीं तें ‘सबमिट’चेंच धरलें जातें. म्हणून ‘गट काढून टाका’ हें बटण वरच्या बाजूस असून त्याचा प्रकार सांगावयाचा राहिला असेल, तर क्षेत्र लिहून ‘एंटर’ दाबणाऱ्याचा गटच अर्जांतून नाहींसा होऊं शकतो!

मराठी लिहिणारांस आणखी एक अडचण आहे. पुष्कळ लोक रोमन अक्षरें टाइप करून सुचविलेल्या देवनागरी शब्दांतून हवा तो शब्द ‘एंटर’नें निवडतात. शब्द अजून जुळत आहे, ही खूण ब्राउझर बहुधा देतो. पण अर्ज बनविणारानें ती पाहिली नाहीं, तर गांवाचें नांव निवडतांच अर्ज निघून जातो.

यावर कित्येक कारागीर ती कळच निकामी करून टाकतात. हें रोगापेक्षां औषध जालीम झालें. ज्यांस दिसत नाहीं किंवा माउस हाताळतां येत नाहीं, त्यांचा सारा व्यवहार कीबोर्डवरच चालतो. त्यांची वाट अडविणें न्यायाचें नव्हे.

आमच्या मतें तीन गोष्टी अवश्य व्हाव्यात. प्रत्येक बटणाचा प्रकार स्पष्ट लिहावा. शब्द जुळत असतांना दाबलेली ‘एंटर’ अर्ज पाठविण्याची समजूं नये. आणि अखेर सर्व मजकूर एकत्र दाखवून, तपासून दुरुस्त करण्याची संधि देऊन मगच अर्ज स्वीकारावा. ही शेवटची मागणी कांहीं अवास्तव नव्हे. पैशाच्या व कायद्याच्या व्यवहारांत पाठविलेलें परत घेतां यावें, किंवा त्यांतील चूक दाखवून ती सुधारूं द्यावी, किंवा पाठविण्यापूर्वीं तपासून कायम करूं द्यावें, असें २००८ सालच्या डब्ल्यूसीएजी २.० या सुगम्यतेच्या नियमावलींतही सांगितलें आहे.

तोंपर्यंत आमच्या शेतकरी बंधूंनीं पुढील रकान्यावर जाण्यास ‘टॅब’ची कळ वापरावी, आणि पोंच मिळतांच तिच्यावरील गट व क्षेत्र सातबाऱ्याशीं ताडून पाहावें. मुदत टळून गेल्यावर चूक कळली, तर त्या हंगामापुरता हक्कच बुडण्याचा संभव असतो. एका कळीच्या दाबानें असें नुकसान व्हावें, हें कोणत्याही शहाण्या व्यवस्थेस शोभणारें नाहीं.