जिना चढणं कधी सोडलंत?



आमच्या वस्तीतल्या एका मावशींना मी विचारलं होतं, "दम लागतो का?" त्या म्हणाल्या, "नाही गं बाई, काही होत नाही मला." खोटं नव्हतं ते. दम लागेल असं प्रत्येक काम त्यांनी दोन वर्षांत एकेक करून सोडून दिलं होतं. आधी गच्चीवर वाळवण घालणं बंद झालं, मग पायी बाजाराला जाणं, मग पोळ्या बसून लाटायला लागल्या. सुनेनं कामं उचलली, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी एक दिवस नळावर घेरी येऊन पडल्या. तोवर मिळालं होतं काय? लोहाच्या गोळ्या, ताकदीचं टॉनिक आणि "वयानुसार व्हायचंच."

निदान झालं ते महाधमनीची झडप अरुंद झाल्याचं. हृदयातून शरीराकडे जाणारं सगळं रक्त या एका दारातून जातं. निरोगी दार तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडतं. कॅल्शियम साठून झडप ताठरली की ते एक चौरस सेंटिमीटरच्याही आत येतं, आणि हृदय जोर लावून थकत जातं. धाप, छातीत दुखणं आणि चक्कर ही त्याची तीन ठळक लक्षणं. उतारवयात हे अधिक दिसतं. पण जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतील किंवा लहानपणी सांधेतापानं झडप बिघडली असेल, तर तरुण वयातही होतं.

पहिला संशय साध्या स्टेथोस्कोपनं येऊ शकतो. छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे, वरच्या बाजूला एक खरखरीत आवाज ऐकू येतो आणि तो मानेपर्यंत पोचतो. पण नळी पदरावरूनच टेकवली तर काय ऐकू येणार? मावशींच्या बाबतीत तेच झालं. डॉक्टरांना संकोच, मावशींना संकोच, आणि तपासणी आटोपली! ईसीजी चांगला आला म्हणूनही निश्चिंत राहता येत नाही. टूडी इको करावाच लागतो.

इकोचे आकडेसुद्धा बाईच्या बाबतीत जपून वाचावे लागतात. रक्ताचा वेग सेकंदाला चार मीटर किंवा दाबातला सरासरी फरक चाळीसच्या वर गेला, की आजार तीव्र समजतात. अनेक स्त्रियांचं हृदय लहान असतं, एका ठोक्याला रक्त कमी बाहेर पडतं. मग दार अगदी चिंचोळं असूनही हे आकडे खालीच राहतात आणि अहवालावर 'मध्यम' असं लिहून येतं. अशा वेळी सीटी स्कॅन करून झडपेतलं कॅल्शियम मोजतात. तिथे पुरुषांसाठी तीव्रतेची खूण 2000 आहे, तर स्त्रियांसाठी 1200. बाईचं माप वेगळं असतं, एवढं तरी इथे मान्य झालं आहे.

झडप पुन्हा मोकळी करणारं औषध नाही. लक्षणं सुरू झाल्यावर झडप बदलली नाही, तर तीव्र आजारात साधारण निम्मे रुग्ण दोन-तीन वर्षांत दगावतात. बदलण्याचे मार्ग दोन. एक छाती उघडून शस्त्रक्रिया. दुसरा मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळीवाटे झडप बसवणं, जे फ्रान्समध्ये 2002 साली पहिल्यांदा झालं. युरोपात चारशेवर स्त्रियांवर, आणि फक्त स्त्रियांवर, या दोन मार्गांची तुलना झाली. 2024 साली तिचा निष्कर्ष आला, की पहिल्या वर्षात नळीचा मार्ग सरस ठरला, मुख्यतः पुन्हा इस्पितळात दाखल व्हावं लागण्याच्या बाबतीत. मात्र त्या झडपेचा खर्च आपल्याकडे बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. छाती उघडून करायची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. रेशनकार्ड घेऊन इस्पितळातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा.

पण पैशाच्याही आधी प्रश्न आला तो वेगळाच. "या वयात कापाकापी कशाला?" मुलगा म्हणाला. याच घरात वडिलांची बायपास आठ दिवसांत झाली होती, जमिनीचा तुकडा विकून. तेव्हा वय कुणी काढलं नव्हतं. मावशीही म्हणाल्या, "माझं काय राहिलंय आता?" त्या वाक्याशी झगडण्यात आमचे तीन आठवडे गेले.

मूल हवं असलेल्या तरुण मैत्रिणींनी तर एक गोष्ट शस्त्रक्रियेआधीच विचारायला हवी. धातूची झडप खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती गोळी गर्भाला अपाय करू शकते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला सहसा ती गोळी कायम लागत नाही, पण तरुण वयात ती झडप लवकर झिजते, म्हणजे पुढे दुसरी शस्त्रक्रिया. निवड तिची आहे. आमच्या अनुभवात चर्चा मात्र नवऱ्याशी आणि सासऱ्यांशी होते.

आरोग्य शिबिराच्या आमच्या तक्त्यात आता "दम लागतो का?" याच्या आधी एक प्रश्न घातला आहे: "गेल्या वर्षी करत होतात आणि आता सोडलंत, असं काम कोणतं?" उत्तरं लांबलचक येतात, रांग खोळंबते. खोळंबू दे.

मावशींची शस्त्रक्रिया झाली. घरी जाताना हाती पडलेला कागद इंग्रजीत होता. दात काढण्याआधी झडपेबद्दल सांगायचं, ताप राहिला तर मनानं गोळ्या घ्यायच्या नाहीत, इको ठरल्या तारखेला करायचा, हे सगळं त्यात होतं. सुनेनं ते मराठीत उतरवून मिसळणाच्या डब्यावर चिकटवलं आहे.