कागदी संघाचे मालक

आमच्या घरीं पत्त्यांचा डाव मांडला कीं वडीलमंडळींच्या कपाळास आठी पडते, हें या सदराच्या जुन्या वाचकांस ठाऊकच आहे. त्याच घरांतला एक प्रौढ गृहस्थ पहाटे साडेचारला, म्हणजे न्यूयॉर्कास संध्याकाळचे सात वाजलेले असतां, उठून बेसबॉलचे आंकडे पाहत बसतो, ही गोष्ट मात्र आम्हीं आजवर झांकून ठेविली होती. सन २०२४ च्या मार्चांत ॲरिझोना प्रांतीं फीनिक्स येथें पुतण्याकडे राहण्याचा योग आला आणि तें बिंग फुटलें.

'फँटसी बेसबॉल' म्हणजे कागदी संघांचा खेळ. दहाबारा स्नेही जमतात, प्रत्येकापाशीं २६० डॉलर आहेत असें मानतात, आणि खऱ्याखुऱ्या खेळाडूंचा लिलांव करून प्रत्येकजण २३ असामी पदरांत पाडून घेतो. पुढें सहा महिने त्या असामींनीं मैदानावर काय दिवे लावले याचा जमाखर्च मांडावयाचा. कोणी किती चेंडू कुंपणापार धाडले, कोणी किती फलंदाज बाद केले, यावरून हारजीत ठरते. डॅनियल ओक्रेंट या लेखकानें १९८० सालीं न्यूयॉर्कांत मित्रांसह ही रीत घातली. ही मंडळी ज्या फ्रेंच उपाहारगृहांत जमत, त्याच्या नांवावरून तिला 'रोटिसरी' म्हणूं लागले. पुतण्या व त्याचे कॉलेजांतले सोबती असें एक मंडळ चालवितात. गेलीं तीन वर्षें पुतण्याच्या संघांत आमची अर्धी भागी आहे. जुगार नव्हे, असें आम्ही घरीं शपथेवर सांगतों. सौभाग्यवतींचा विश्वास बसत नाहीं.

खरा हंगाम मार्चअखेर उभा राहतो. तत्पूर्वीं तिसांपैकीं १५ संघ फ्लॉरिडांत व १५ ॲरिझोनांत रंगीत तालमीस जातात. ॲरिझोनांतील प्रकारास निवडुंगावरून 'कॅक्टस लीग' असें नांव आहे. १९४७ सालीं क्लीव्हलंडचा संघ टूसान येथें व न्यूयॉर्क जायंट्स फीनिक्स येथें उतरला, तेथून ही परंपरा धरतात. त्याच वर्षीं क्लीव्हलंडनें घेतलेला लॅरी डोबी हा कृष्णवर्णी खेळाडू. पुढच्या वसंतांत टूसानच्या हॉटेलानें त्याला सोबत्यांबरोबर राहूं दिलें नाहीं, हेंही त्या परंपरेंतच मोडतें.

आम्ही गेलों तें मैदान 'सॉल्ट रिव्हर फील्ड्स'. पिमा-मॅरिकोपा या मूळच्या रहिवाशांच्या जमिनीवर तें २०११ सालीं उघडलें. ऊन कोंकणांतल्या वैशाखासारखें, पण घाम म्हणून नाहीं. सूनबाईंनीं दिलेले ठेपले व पाण्याची सुरई घेऊन आम्ही कुंपणापलीकडच्या हिरवळीच्या उतारावर चादर पसरली.

लिलांव त्याच रात्रीं होता, आणि आमचा जीव एका तरुण पिचरांत, म्हणजे तिकडच्या गोलंदाजांत, अडकला होता. आदल्या वर्षीं आम्हीं त्याच्यावर २१ डॉलर लावले आणि जून महिन्यांत त्याचा खांदा दुखावला. आतां तो परतला होता. यंदां त्यास घ्यावें कीं सोडावें, हें डोळ्यांनीं पाहून ठरवावयाचें होतें.

त्यानें दोनच डाव चेंडू टाकले व त्यांत चार धांवा दिल्या. आमचें तोंड उतरलें. पुतण्या म्हणाला, "काका, धांवा काय पाहतां? फळ्यावरचा वेग पाहा. पंचाण्णव मैल येतोय. आणि मार खाल्ला तो एकच नवा, संथ चेंडू. तो इथें मार खाऊनच शिकायचा." तालमींतले आंकडे हंगामाच्या हिशेबांत धरीत नाहींत, सामना बरोबरींत सुटला तरी कोणी हळहळत नाहीं. हें आम्हांस पाठ होतें, तरीहि वहींत आम्हीं चार धांवा लिहिल्याच.

पांचव्या डावापर्यंत नांवाजलेले सगळे खेळाडू आंत गेले, आणि निम्मे प्रेक्षकहि उठले. मैदानावर ऐशीं-नव्वदच्या घरांतले आंकडे पाठीवर घेतलेलीं पोरें आलीं. आम्हीहि चादर झटकणार होतों, तों शेजारच्या वृद्ध जोडप्यानें विचारलें, "इतक्यांत?" न्यू मेक्सिकोहून सात तास मोटार हांकून तीं दोघें आलीं होतीं. त्यांचा नातू खालच्या वर्गांत खेळतो. माणसें कमी पडलीं तर असावा म्हणून त्याला एका दिवसापुरतें बोलाविलें होतें. आजीबाईंच्या मांडीवर धांवफलकाचा छापील कागद होता आणि आठव्या डावापर्यंत त्यावर पेन्सिलीची एकहि खूण नव्हती.

आठव्या डावांत पोरगा उजव्या कोपऱ्यांत उभा राहिला. नवव्यांत त्याची पाळी आली. चेंडू बॅटीवर चांगला बसला, उंच गेला, आणि कुंपणाच्या अलीकडे कोणीतरी झेलला. आजीबाईंनीं एक खूण केली व कागद घडी घालून पिशवींत ठेविला. आजोबा म्हणाले, "या पंधरवड्यांत नांवें गाळतील. बघूं."

त्या गाळण्याचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. वरच्या वर्गांत पाय ठेवणाऱ्याचें किमान वार्षिक वेतन २०२४ सालीं ७,४०,००० डॉलर होतें. अगदीं खालच्या वर्गांतील मुलाचें २०२३ च्या करारानें ४,८०० वरून १९,८०० झालें. आणि ज्यास गाळतात, त्यास एकहि डॉलर नाहीं.

रात्रीं जेवणें आटोपून लिलांव सुरू झाला. आमच्या पिचरचें नांव निघतांच पडद्यावरून एक सोबती हंसून म्हणाला, "त्या मोडक्या खांद्याला अजून कवटाळून बसलांत? टाका काढून." असें आम्हींहि आजवर शेंकडों वेळां म्हटलें आहे, त्या रात्रीं मात्र कानास टोंचलें. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान डोलावली व ९ डॉलरांस तो आमचा झाला.

मग आम्हीं आजीबाईंनीं सांगितलेलें आडनांव संगणकाच्या यादींत शोधून पाहिलें. यादी शेंकडों नांवांची होती. तें त्यांत नव्हतें. "काका, काय शोधतां?" पुतण्यानें विचारलें. तोंवर पुढच्या खेळाडूची बोली सुरू झाली होती.