दीपप्रज्वलन ते कुलूप

एका दिवसाच्या कार्यशाळेत कोणी सुतार झालेला मी पाहिला नाही, गवंडी झालेला पाहिला नाही, तबलजी तर नाहीच नाही. पण ‘इंटरॅक्टिव्ह डिजिटल आर्ट आणि क्रिएटिव्ह कोडिंग’ हा प्रकार आमच्या रत्नागिरीत सकाळी दहाला सुरू होतो आणि जेवणाच्या सुट्टीसकट पाचला संपतो. संध्याकाळी प्रमाणपत्र. त्यावर आयोजकांची नावं ठसठशीत छापलेली आणि पोराचं नाव पेनाने, टिंबटिंबांच्या रेघेवर.

चित्रकला शिक्षक म्हणून माझी हयात या जिल्ह्यात गेली. त्यामुळे असल्या समारंभांना मला आवर्जून बोलावतात. पहिल्या रांगेत शाल घालायला एखादा पिकलेला गुरुजी लागतोच. क्रम मला पाठ आहे. समई पेटत नाही, मग पंखे बंद करतात. प्रास्ताविक, स्वागतगीत, परिचय, परिचयाचा परिचय. उद्घाटक तासभर उशिरा येतात आणि ‘आजची पिढी मोबाइलच्या आहारी गेली आहे’ या विषयावर बोलतात. कार्यशाळा कशाची आहे हे त्यांना त्यांच्या मदतनिसाने गाडीतून उतरतानाच सांगितलेलं असतं. मुंबई-पुण्याहून आलेले तज्ज्ञ तोवर घड्याळाकडे बघत असतात, कारण त्यांची परतीची गाडी ठरलेली असते. साठ पोरं, बारा कॉम्प्युटर, त्यातले आठ चालू. एक पोर माऊस धरतं आणि बाकीची त्याच्या खांद्यावरून बघतात. याला पत्रिकेत ‘प्रत्यक्ष हाताळणी’ म्हटलेलं असतं.

विषय थोतांड असता तर मी हे लिहिलंच नसतं. विषय सोन्यासारखा आहे, म्हणून चीड येते.

केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी 2001 साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं. चित्रकाराला आणि डिझायनरला प्रोग्राम लिहिता यावा, पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावर काहीतरी हलताना दिसावं, एवढाच हेतू. 2013 मध्ये लॉरेन मॅकार्थी या कलावतीने तीच कल्पना ब्राउझरमध्ये आणली, तिचं नाव ‘पी-फाइव्ह’. दोन्ही फुकट. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही, म्हणजे पावसाळ्यात टॉवर झोपले तरी अडत नाही. यात चित्र एकदा काढून होत नाही. ‘ड्रॉ’ नावाच्या कप्प्यात लिहिलेल्या सूचना यंत्र सेकंदाला सुमारे साठ वेळा पुन्हापुन्हा पाळतं. तुमचा हात हलला, आवाज झाला, कॅमेऱ्यासमोरून कोणी गेलं, की पुढच्या फेरीत चित्र बदलतं. हजार चित्रं काढू शकेल असा नियम चित्रकाराने लिहायचा. एवढं साधं आहे, आणि एवढं खोल.

अशाच एका कार्यशाळेत आठवीतली एक मुलगी माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसली होती. माऊस जाईल तिकडे गोल जायला हवा होता. प्रत्येक फेरीला आधी मागचा रंग भरून जुना गोल पुसायचा, मग नवा काढायचा, असं फळ्यावर लिहिलं होतं. तिने रंग भरायची ओळ चुकून वरच्या, एकदाच चालणाऱ्या कप्प्यात लिहिली. जुने गोल पुसले जाईनात. माऊस फिरेल तसा गोलांवर गोल चढत गेला, जाडजूड शेपटासारखा, वळणावर दाट, झपाट्यात विरळ. पोरगी एकदम थबकली. मग तिने हात मुद्दाम सावकाश फिरवून पाहिला, मग झर्रकन. तिला कळलं होतं की वेगाचंही चित्र होतं. ब्रश धरणाऱ्याला हे कळायला वर्षं जातात, आणि कित्येकांना आयुष्यभर कळत नाही. तेवढ्यात शिकवणारा आला. ‘अगं, चुकलंय तुझं’ म्हणाला, तिच्या हातातून कीबोर्ड घेतला, ओळ खालच्या कप्प्यात टाकली आणि पुढच्या बाकाकडे गेला. पडद्यावर एकटा गोल माऊसमागे धावू लागला, साठ जणांसारखाच.

त्या शिकवणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. त्याला पाचच्या आत अठ्ठावीस स्लाइड संपवायच्या होत्या. दोष ज्यांनी अठ्ठावीस स्लाइडना कार्यशाळा म्हटलं त्यांचा. आणि थोडा आपला सगळ्यांचा, कारण पोरांच्या हातून काय घडलं याची चौकशी कोणी पालक करत नाही. चौकशी होते ती ‘याचे मार्क धरतात का’ याची. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचं आपण हेच करून ठेवलं. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून हौसे-गवसे सगळे बसतात, गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर.

कोडिंगच्या नावाने तर याहून मोठी लूट झाली. 2020 सालच्या ‘व्हाइटहॅट ज्युनिअर’च्या जाहिराती आठवा. कोडिंग शिकून कोट्यवधींची नोकरी पटकावणारा ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा पोरगा त्यात होता. असा पोरगा मुळात नव्हताच. जाहिरात मानक परिषदेने बोट ठेवल्यावर कंपनीने पाच जाहिराती मागे घेतल्या. तोवर आमच्याकडच्या बागायतदारांनीही आंब्याच्या पैशातून हप्ते भरायला सुरुवात केली होती.

सरकारी बाजू बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन शिक्षक मिळेल. ज्याने हे लिहिलं त्याने कोकणातली शाळा पाहिली होती का? इथे सगळे वर्ग मिळून वीस पोरं जमली तरी गुरुजी देवाला नारळ फोडतात. शंभर कुठून आणायची? म्हणजे वाडीवरच्या पोराला कायद्यानेच चित्रकलेचा शिक्षक नाही. दुसऱ्या हाताने नीती आयोग अटल टिंकरिंग लॅबसाठी एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत देतो. अशा दहा हजार लॅब देशात झाल्या, आणि 2025च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. पैसा नाही असं कोणी म्हणू नये. अशा लॅबच्या एका शाळेत मी थ्रीडी प्रिंटर पाहिला. प्लास्टिकच्या खोळीत होता. खंडेनवमीला खोळ काढून त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, फोटो घेतला आणि खोळ परत चढवली. ‘पोरं बिघडवतील’ म्हणून खोलीला कुलूप आणि चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मुख्याध्यापक बैठकीला.

त्या मुलीच्या कार्यशाळेत दुपारी एक्स्टेन्शन बोर्ड जळला म्हणून मंडपवाल्याच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. काम झाल्यावर तो दाराशी रेंगाळला. पडद्यावर तज्ज्ञ ‘अॅरे’ आणि ‘लूप’ समजावत होते, दिव्यांची रांग पेटवून दाखवत होते. हा हळूच माझ्याजवळ आला नि म्हणाला, ‘गुरुजी, ह्ये आमच्या ड्रमावानीच हाय की!’

अगदी बरोबर होतं त्याचं. गणपतीच्या रोषणाईत चिप येण्याआधी धावते दिवे कसे चालायचे हे नव्या पिढीला माहीत नसेल. मोटरवर सावकाश फिरणारा एक ड्रम. त्यावर पत्र्याच्या पट्ट्या, कमी-जास्त लांबीच्या, मागेपुढे ठोकलेल्या. वरून प्रत्येक दिव्याच्या सर्किटचं एक बोट ड्रमला टेकलेलं. बोटाखाली पट्टी आली की दिवे पेटतात, पट्टी संपली की विझतात. पट्टी लांब केली की दिवा जास्त वेळ राहतो, तिरक्या रांगेत ठोकली की उजेड धावतो. ड्रमचा एक फेरा म्हणजे एक लूप. नक्षी बदलायची तर पट्ट्या उचकटून नव्याने ठोकायच्या, म्हणजे प्रोग्राम नव्याने लिहायचा. आणि वायपरच्या मोटरीवर मान हलवणारा हत्ती, भक्ताकडे वळून आशीर्वाद देणारी मूर्ती? कुठल्याही डिप्लोमाशिवाय आमच्या माणसांनी ही कला केली आणि आख्ख्या गावाने रांगा लावून पाहिली.

त्या माणसाला कोणी ‘बसा’ म्हटलं नाही. बोर्डाचे पैसे नंतर मंडपवाल्याकडून घ्या म्हणाले.

आता कोणीतरी उठून म्हणेल की म्हणजे आमच्या पूर्वजांना कोडिंग येत होतं. कृपा करून हे नको. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे अल्गोरिदम, असं भाषणात ठोकून देणारे पुष्कळ भेटतात. बसून रांगोळीवर काम करणारा त्यांत एक सापडत नाही. तमिळनाडूत सापडला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी यांनी सहकाऱ्यांबरोबर 1974 साली कोलमच्या, म्हणजे तिकडच्या रांगोळीच्या, नक्ष्यांवर संगणकशास्त्रातला रीतसर शोधनिबंध लिहिला. ते काम होतं, मिरवणं नव्हे. आपल्याकडे मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे वाटले गेले. पी-फाइव्हच्या संकेतस्थळावर मात्र हिंदी आहे, कोरियन आहे, स्पॅनिश आहे, मराठीचा पत्ता नाही. स्वयंसेवकांनी करायचं काम आहे ते. पेढे खाणाऱ्यांपैकी चार जण बसले तरी मार्गी लागेल.

यंत्र महाग म्हणून अडतं, हेही खरं नाही. अशोक सुकुमारन या कलावंताने 2005 साली मुंबईत जीपीओच्या चौकात हाताने फिरवायचा एक दांडा लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो फिरवला की चौकाभोवतीच्या इमारतींवरून दिव्यांचा उजेड सरकत जायचा. पुढे 2007 मध्ये एका दुसऱ्या कामासाठी ऑस्ट्रियातल्या आर्स इलेक्ट्रॉनिकाचा ‘गोल्डन निका’ हा इंटरॅक्टिव्ह कलेतला मोठा सन्मान त्याला मिळाला. दांडा फिरवायला कोणाला लॉगिन लागलं नाही. आमचा ड्रमवाला आणि सुकुमारन एका टेबलाशी बसले असते तर त्यांना एकमेकांचं बोलणं लगेच कळलं असतं.

खोली उघडी ठेवली की काय होतं, हे पाहायला परदेशी जायला नको. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली पोरं तिथे वेल्डिंगपासून शेतीपर्यंत हाताने काम करत शिकली. 2002 मध्ये एमआयटीने अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब काढली ती या खेड्यात. फीत कापायला मुंबईत पुष्कळ चांगले हॉल होते, पण पाबळात जवळजवळ वीस वर्षं रोज उघडणारं वर्कशॉप होतं.

उलटा दाखलाही आपल्याच कोकणात आहे. रायगडात कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 2007 साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. आज्ञा देऊन चित्र काढणारं कासव त्यात होतं, सेमूर पेपर्टच्या ‘लोगो’ या संगणकभाषेचा वारसा. यंत्र पोराचं, पोराने घरी न्यायचं, असा त्या योजनेचा दंडक. आमच्या कार्यशाळेत पोरांना सोडण्याआधी माऊस मोजतात! मात्र नुसतं यंत्र वाटूनही भागत नाही. पेरू देशात याच योजनेची मोठी पाहणी झाली, 2012 मध्ये निष्कर्ष आले; मुलांच्या गणितात नि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. यंत्रापाशी बसणारं, उद्याही येणारं माणूस लागतं.

मग माझं म्हणणं काय? शनिवारी दुपारी एक खोली उघडा. दर शनिवारी. जुने चार लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, सोल्डरिंगची सळई. शिकवणारा मुंबईचा नको, इथलाच इंजिनीअरिंगचा नाहीतर पॉलिटेक्निकचा पोरगा हवा, आणि त्याला मानधन हवं, स्मृतिचिन्ह नको. सावर्ड्याच्या कला महाविद्यालयातले चित्रकार येऊ देत. ड्रमवाला येऊ दे, त्याला खुर्ची द्या. नमनाच्या मंडळातला मृदंगवाला येऊ दे. त्याच कार्यशाळेत जाखडीत नाचणाऱ्या एका पोराने मायक्रोबिट हातात घेऊन विचारलं होतं, ‘सर, ह्या चाळात बांधला तर?’ हालचाल ओळखणारा सेन्सर त्या चिमुकल्या बोर्डात असतोच. पाय आपटला की भिंतीवरचं चित्र हादरेल, ठेका वाढला की रंग बदलेल. दिवसभरातली सगळ्यात चांगली कल्पना त्याची होती. उत्तर मिळालं, ‘ते आजच्या मॉड्यूलमध्ये नाही.’

शहरात 2022 पासून तारांगण आहे. चांगली गोष्ट. पोरं तिकीट काढतात, मान मागे टाकून बघतात आणि घरी जातात. त्या घुमटावर वर्षातून एक संध्याकाळ रत्नागिरीच्या पोरांनी केलेली दहा मिनिटं दाखवायला काय हरकत आहे? भले ओबडधोबड असतील. उक्षी-कशेळीच्या कातळशिल्पांच्या रेघा त्यांना तिथे हलवून बघू द्या. जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नाव आलं म्हणून भाषणं झाली, पण पेन्सिल घेऊन त्या कातळावर पोरांना बसवणारे थोडेच.

‘आता एआय सगळं काढून देतं गुरुजी, कोड कशाला शिकायचा?’ असं एक संचालक मला म्हणाले. मी म्हटलं, साहेब, एआय भाषणही लिहून देतं, तुम्ही कशाला येता? हसले. त्यांना तो विनोद वाटला. यंत्राकडून चित्र मागून घेणाऱ्याला शेपटासारखी चूक सापडत नाही, कारण चुकायला त्याचा हातच तिथे नसतो.

पुढच्या कार्यशाळेच्या तयारीची बैठक झाली, मलाही बोलावलं. दीड तासात बॅनरचा मजकूर, व्यासपीठावरच्या नावांचा क्रम आणि शाली पैठणच्या की सोलापूरच्या, एवढे तीन विषय झाले. खोली दुसऱ्या दिवशी कोण उघडणार, हा विषय ‘आयत्या वेळच्या विषयांत’ घेऊ म्हणाले; आयती वेळ आली तेव्हा चहा आला. शाल मी नाकारली आहे. आयोजकांनी मंडप, फ्लेक्स, शाली, नारळ, स्मृतिचिन्हं आणि पाहुण्यांच्या गाडीभाड्याचं बिल मला द्यावं. तेवढ्या रकमेत जुन्या बाजारातले किती लॅपटॉप येतात आणि एका पोराचं किती महिन्यांचं मानधन निघतं, याचा हिशोब मी पुढच्या बैठकीत फळ्यावर मांडतो. चहाच्या आधी.