आधी रेघ ओढा, मग विमा विका : नांदेड-लातूरच्या नळधारक घरमालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, नांदेड वाघाळा शहर महानगरपालिका
मा. आयुक्त, लातूर शहर महानगरपालिका
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, हैदराबाद

विषय : घरापासून मुख्य वाहिनीपर्यंतच्या जमिनीखालील नळ व मैला पाइपांसाठी ऐच्छिक विमा सुरू करणे, आणि त्याआधी करावयाची कामे.

महोदय,

जमिनीच्या वर दिसते ते घर आमचे. त्याची घरपट्टी आम्ही भरतो. रस्त्याखालची मोठी जलवाहिनी महापालिकेची, याबद्दलही वाद नाही. या दोहोंच्या मध्ये पंधरा, वीस, कधी चाळीस फूट पाइप जमिनीत पुरलेला असतो. तो कुणाचा, हे तो फुटेपर्यंत कुणी विचारत नाही. फुटला की तो आमचा असतो.

आमच्या सदस्यांच्या घरी जे पुन्हा पुन्हा घडते ते सांगतो. गळती पाणी येते त्याच दिवशी दिसते. नळाची धार बारीक होते, शेजारच्या दारासमोर सिमेंट रस्त्याच्या सांध्यातून पाणी वर येते. प्लंबर पोहोचेपर्यंत पाणी गेलेले असते. मग पुढच्या पाळीपर्यंत थांबायचे. लातूरकरांना आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा पाणी येण्याची सवय आहे, म्हणजे गळती शोधायलाच आठवडा जातो. पाळी आली की अंदाजाने खड्डा घ्यायचा, चुकला तर दुसरा. दोष फेरूलपाशी, म्हणजे नळ मुख्य वाहिनीला जोडतात तिथे, निघाला तर सिमेंटचा रस्ता फोडावा लागतो. त्याची परवानगी, रस्ता दुरुस्तीचे शुल्क, ब्रेकरचे भाडे, मजुरी असा हिशोब वाढत जातो. या सगळ्यात स्वस्त वस्तू पाइप असते.

यात आमच्या जमिनीचाही हात आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शिवारात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशी हालचाल घरांच्या आणि रस्त्यांच्या पोटातही होते. सोयाबीन पिकवणारी ही माती पाइपचे सांधे मात्र उखडते. ओलाव्याने जीआय पाइप गंजतो, पीव्हीसीचा जोड निसटतो, मैल्याचा जुना चिनीमातीचा पाइप तडकतो. त्यात पाणी रोज नाही. पाइप कित्येक दिवस रिकामा पडतो आणि मग एकदम दाब येतो. रिकाम्या वेळी त्याच चिरेतून गटाराचे पाणी आत शिरते. पाळीच्या दिवशी पहिल्या काही बादल्या बायका मोरीत ओतून देतात, त्या याच कारणाने. टिल्लू पंप लावून लाइन ओढणारे आमच्यातही आहेत, हे कबूल करतो. त्या ओढीने घाण आणखी आत येते. म्हणून गळतीकडे वाया गेलेले पाणी एवढ्याच नजरेने पाहू नये. कावीळ आणि जुलाब त्याच वाटेने घरात येतात.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून १० टाक्यांची रेल्वेगाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. ज्या शहरासाठी पाणी रुळांवरून आणावे लागले, तिथल्या रस्त्याखालच्या गळत्या ज्याचा त्याचा खासगी प्रश्न म्हणून सोडून देता येत नाहीत.

यासाठी विमा हवा असे आमचे मत झाले. हा विचार जगावेगळा नाही. न्यूयॉर्क शहरात मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची नळाची आणि मैल्याची लाइन घरमालकाची असते. २०१३ पासून तिथे तिच्यासाठी ऐच्छिक संरक्षण मिळते आणि त्याचा हप्ता पाण्याच्या बिलासोबत भरता येतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक साधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून घराचे झालेले नुकसान तिच्यात येते. पण ती पॉलिसी घराची आहे. आवाराबाहेर रस्त्याखाली असलेला पाइप, तो शोधण्याचे खोदकाम, फोडलेला रस्ता पुन्हा करून देणे, हे तिच्या कक्षेत बसत नाही. आमचा खर्च नेमका तिथेच होतो.

तरीही विम्याचे नाव काढले की आमच्याच सभेत निम्मे लोक हसतात, आणि त्यांचे चुकत नाही. शेतीही असलेल्या आमच्या सदस्यांनी पीकविमा पाहिला आहे. २०१६ साली पंतप्रधान पीक विमा योजना आली तेव्हा कर्जदार शेतकऱ्याला ती सक्तीची होती. हप्ता कर्जखात्यातून परस्पर कापला जाई. खरीप २०२० पासून ती ऐच्छिक झाली. २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात पीकविमा आणला आणि बोगस अर्जांच्या गदारोळात २०२५ च्या खरिपात तो बंद केला. लातूरकरांना आणखी एक आठवण आहे. २००८ साली शहराच्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था खासगी कंपनीकडे गेली, मीटर बसू लागले, लोक रस्त्यावर उतरले आणि ती व्यवस्था टिकली नाही. म्हणून आमच्या मागण्यांत अटीच जास्त दिसतील. जो एकदा पोळला तो ताकही फुंकून पितो.

पहिली मागणी रेघेची आहे, आणि बाकी सगळ्या तिच्यावर उभ्या आहेत. महापालिकेची जबाबदारी कुठे संपते आणि घरमालकाची कुठे सुरू होते, हे प्रत्येक नळजोडणीच्या व मैला जोडणीच्या कागदावर आकृतीसह लिहून द्यावे. सार्वजनिक रस्त्याखालचा तुकडा, म्हणजे फेरूलपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंतचा पाइप, महापालिकेने आपला मानावा असे आमचे म्हणणे आहे. तिथे खोदायचे तर परवानगी तुमची, रस्ता तुमचा, काँक्रीट तुमचे. मग खाली पुरलेला पाइप तेवढा आमचा कसा? हे मान्य नसेल तर तसे लेखी कळवावे, त्याचा विमा आम्ही काढू. मात्र तीन-चार घरांची मिळून एकच मैला लाइन चेंबरपर्यंत जाते, अशा सामाईक लाइनी कोणत्याही परिस्थितीत महापालिकेकडेच असाव्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये नेमका हाच गोंधळ होता. १ ऑक्टोबर २०११ पासून तिथल्या सामाईक खासगी मैलावाहिन्या कायद्याने जलकंपन्यांकडे सोपवण्यात आल्या आणि घरमालकांच्या डोक्यावरचा मोठा बोजा उतरला. विमा त्यानंतर उरलेल्या तुकड्यापुरता राहिला. आमच्याकडेही हाच क्रम असावा. रेघ न ओढता विमा आणला तर प्रत्येक दाव्यात कंपनी महापालिकेकडे बोट दाखवेल, महापालिका कंपनीकडे, आणि खड्डा आमच्या दारात उघडा राहील.

नांदेडमध्ये हे काम विशेष तातडीचे आहे. २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या निधीतून शहरात रस्ते, पाणी आणि भुयारी गटारांची मोठी कामे झाली. त्या वेळच्या जोडण्या आता जुन्या होत आल्या आहेत. त्या कामांचे नकाशे ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत नागरिकांना पाहायला मिळावेत.

दुसरी मागणी : ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक. घरमालकाच्या स्वतंत्र सहीशिवाय नळपट्टीत किंवा घरपट्टीत एक रुपयाही हप्ता येऊ नये. ‘नको असेल तर कळवा’ ही पद्धत चालणार नाही. हवा असेल तो कळवेल. हप्ता थकला तर विमा बंद व्हावा, नळ बंद होऊ नये. महापालिकेचे बोधचिन्ह छापलेले विमा कंपनीचे पत्र घरोघरी पाठवू नये, कारण आमच्याकडचा वयस्कर माणूस त्याला बिल समजून पैसे भरून टाकतो. महापालिकेने या व्यवहारात दलाली, स्वामित्वशुल्क किंवा ‘प्रशासकीय खर्च’ या नावाने काहीही घेऊ नये. घेतले तर पाइप सुधारण्यापेक्षा पॉलिसी विकण्यात तिचा रस वाढेल. ब्रिटनमध्ये घरगुती दुरुस्तीचा विमा विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला चुकीच्या पद्धतीने पॉलिसी विकल्याबद्दल २०१४ मध्ये ३ कोटी पौंडांहून अधिक दंड झाला. जिथे नियमन कडक तिथे हे घडले, तर आमच्या गल्लीत काय घडेल याची कल्पना आम्ही करू शकतो.

तिसरी मागणी पॉलिसीच्या शब्दांबद्दल आहे. ‘फुटणे’ एवढाच शब्द असेल तर आमच्या उपयोगाचा नाही. आमचे पाइप फुटण्यापेक्षा झिरपतात. काळ्या मातीच्या हालचालीने निसटलेला जोड, गंज, पिंपळ-वडाच्या मुळ्यांनी तुंबलेली किंवा तडकलेली मैला लाइन, गळती शोधण्याचे खोदकाम, रस्ता दुरुस्तीचे शुल्क आणि फोडलेली फरशी हे सगळे स्पष्ट नोंदवलेले असावे. पाइप जुना म्हणून दावा नाकारता येऊ नये. पॉलिसी देताना कंपनीने एकदा तपासणी करावी आणि तेव्हा सापडलेला दोषच तेवढा वगळावा.

दाव्याची सूचना देण्याची मुदतही पाण्याच्या हिशोबाने असावी. पीकविम्यात ७२ तासांत कळवायचे असते आणि त्यावरूनच किती दावे बाद होतात, हे शेतकऱ्याला विचारा. जिथे पाणीच आठवड्याने येते तिथे ७२ तासांत गळती सिद्ध कशी करणार? मुदत दोष दिसल्यानंतरच्या पुढच्या पाळीपासून मोजावी.

लातूरसाठी आणखी एक भर. शहराच्या बऱ्याच भागांत भुयारी गटार नाही. शौचालय सेप्टिक टँकला जोडलेले असते. केवळ ‘मैलावाहिनी’ म्हटले तर ही घरे हप्ता भरूनही उघडी पडतील. टँक, त्याचा पाइप आणि शोषखड्डा यांचा उल्लेख हवाच. नांदेडला गोदाकाठच्या सखल वस्त्यांत, नदीला पाणी चढले की, नाल्याचे पाणी उलटे घरात येते. तेही वगळलेल्या गोष्टींच्या यादीत नको.

चौथी मागणी भाडेकरूंची. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर मराठवाडाभरातून मुले लातुरात येतात. नांदेडलाही शिकवण्यांसाठी येतात. शेकडो घरमालक एखाद-दोन खोल्या मुलांना देऊन संसार चालवतात. अशा घराला ‘व्यावसायिक वापर’ ठरवून दावा फेटाळण्याची सोय कंपनीला ठेवू नये. मालक स्वतः तिथे राहत असेल तर घर ते घरच. गुंठेवारीतल्या घरांनाही प्रवेश असावा. चालू नळपट्टीची पावती हाच पुरेसा पुरावा मानावा.

पाचवी मागणी घरमालकांच्या फायद्याची नाही, तरी ती आम्ही सोडणार नाही. विम्यातून होणाऱ्या कोणत्याही कामासाठी माणसाला चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवता येणार नाही, अशी अट ठेकेदाराच्या करारात असावी. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तुंबलेली लाइन मोकळी करायला यंत्र येणार असेल तरच ही योजना आम्हाला हवी. मशीन गल्लीत शिरत नाही, ही सबब आम्ही ऐकणार नाही, कारण लहान यंत्रेही मिळतात.

दरांबद्दल थोडक्यात. भरपाईची मर्यादा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या चालू दरसूचीवरून ठरवावी, कंपनीच्या अंदाजावरून ठरवू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरील जीएसटी उठला, घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच राहिला. तो काढण्याची शिफारस नगरविकास विभागाने करावी. सरकारी साधारण विमा कंपन्यांनी यात पुढाकार घ्यावा. परवानगीची अडचण सांगू नये, कारण २०२२ पासून साधारण विमा कंपन्यांना बहुतेक नवी उत्पादने आधी बाजारात आणून नंतर विमा नियामक प्राधिकरणाकडे नोंदवता येतात. तक्रारीसाठी आम्हाला पुण्याच्या विमा लोकपालाकडे धाव घ्यावी लागते. वर्षातून दोनदा तरी नांदेड आणि लातूरला सुनावणी व्हावी.

शेवटची गोष्ट महापालिकांसाठी. विमा आला म्हणून जुन्या वाहिन्या बदलण्याचे काम मागे पडता कामा नये. ज्या रस्त्याचे काँक्रीट व्हायचे आहे, तिथले जुने नळ आधी बदलावेत. रस्ता झाल्यावर तोच फोडायला लावणे आम्हालाही परवडत नाही आणि तुम्हालाही.

प्रत्येक शहरात एका प्रभागात वर्षभर ही योजना राबवून पाहावी, दाव्यांचा हिशोब प्रभागाच्या फलकावर लावावा, आणि मगच ती शहरभर नेण्याचा विचार व्हावा. पहिल्या मागणीचे उत्तर ६० दिवसांत लेखी मिळावे. ते मिळेपर्यंत कोणत्याही विमा कंपनीला नळधारकांची यादी देऊ नये.

या पत्राची पोच सही-शिक्क्यासह द्यावी.

आपले,
नांदेड व लातूर शहरांतील नळधारक घरमालकांच्या संघटनेतर्फे,
अध्यक्ष व सचिव