शिवारातील पाखरांचा बारमाही हिशेब

आपल्या देशात पक्ष्यांच्या १,३०० हून अधिक प्रजातींची नोंद झालेली आहे. साऱ्या जगातील प्रजातींची संख्या सुमारे ११,००० धरली, तर दर आठ-नऊ प्रजातींमागे एक प्रजाती भारतात आढळते, असे म्हणावयास हरकत नाही. एकट्या महाराष्ट्रात साडेपाचशेहून अधिक प्रजाती आहेत. त्यांपैकी माळढोक, तणमोर, सारस अथवा रानपिंगळा अशा दुर्मिळ पक्ष्यांची वार्ता वृत्तपत्रांतून अधूनमधून येते व ती यावयासच हवी. परंतु ज्या तीस-चाळीस प्रजाती शेतकऱ्याच्या वावरात, धुऱ्यावर आणि गोठ्यापाशी वर्षभर वावरतात, त्यांचा शेतीच्या दृष्टीने विचार आपण क्वचितच करतो. केला तरी तो पीक दाण्यावर आल्यावर, हाती गोफण घेऊन करतो.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा हे गाव आहे. काळ्या, कसदार जमिनीचे हे शिवार कापूस, तूर आणि सोयाबीन या पिकांचे. आश्विनाच्या अखेरीस तेथील एका वावरात मी पक्षीथांबे पाहावयास गेलो होतो. तूर फुलावर होती आणि लगतच्या पट्ट्यात घरच्या खाण्यापुरती व जनावरांच्या कडब्यापुरती ज्वारी उभी होती. त्या वडीलधाऱ्या शेतकऱ्याने माझे सर्व सांगणे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "साहेब, तुमचं पाखरू वर्षभर कुठं बी बसते, पन हुरड्याच्या दिवसात माह्याच वावरात उतरते. मंग ज्वारी कोन राखीन?" या प्रश्नाला तत्काळ देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

जमेची बाजू

उन्हाळ्याच्या अखेरीस नांगरणी-वखरणी सुरू झाली की गायबगळे आपोआप गोळा होतात. बैल असोत की ट्रॅक्टर, फाळामागून उघडे पडणारे किडे, हुमणीच्या अळ्या व नाकतोडे ते वेचून खातात. त्यांच्यासोबत साळुंक्या व कावळेही असतात. जमिनीतील हुमणीचा बंदोबस्त औषधाने करणे किती खर्चाचे व कष्टाचे आहे, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. हे काम पाखरे विनामूल्य करतात. मात्र त्यासाठी नांगरणी दिवसाउजेडी होणे अगत्याचे आहे. भाड्याचा ट्रॅक्टर रात्री मिळाला म्हणून रात्रीच वावर नांगरून घेतले, तर हा लाभ त्या प्रमाणात घटतो.

पीक वाढीस लागले की कोतवालाचे काम सुरू होते. तारेवर, काठीवर किंवा चरणाऱ्या जनावराच्या पाठीवर बसून तो टेहळणी करतो आणि उडता किडा हवेतच टिपतो. वेडा राघूही याच पद्धतीने शिकार करतो. दसऱ्याच्या सुमारास ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो, तो नीळकंठ म्हणजेच नीलपंख, नाकतोडे, मोठे भुंगेरे व अळ्या यांवर उपजीविका करतो. हरभऱ्याच्या वावरात हिवाळ्यात शेपटी हलवीत फिरणारे परीट हे हिमालयातून व त्याही पलीकडून आलेले पाहुणे असून त्यांचे अन्न मुख्यतः कीटक हेच आहे. आकाशात खालून-खालून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षीही हिवाळ्यातलाच पाहुणा. तो नाकतोडे व उंदीर टिपतो.

रात्रीची पाळी घुबडाची. गव्हाणी घुबडाची जोडी पिले वाढवीत असताना एका रात्रीत अनेक उंदीर टिपून आणते. तरीही त्यास अशुभ मानून हाकलण्याची व मारण्याची चाल अजून पूर्णपणे गेलेली नाही. धान्याच्या कोठीवर ज्याचा पहारा आहे, त्यालाच आपण घरातून हुसकून लावतो, ही खेदाची गोष्ट होय.

हे सर्व केवळ पक्षिप्रेमाच्या भरात लिहिलेले नाही. पक्ष्यांच्या जठरातील अन्न तपासून ते शेतीला कितपत हितकर व कितपत अहितकर, हे ठरविण्याचे काम बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत मेसन यांनी केले व त्याचा ग्रंथ १९१२ साली मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्याही पूर्वी, १७६२ साली, मॉरिशस बेटावरील टोळांच्या बंदोबस्तासाठी भारतातून साळुंक्या मुद्दाम नेण्यात आल्या होत्या. टोळ ही आपल्यालाही अपरिचित गोष्ट राहिलेली नाही. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती जिल्ह्यातील मोर्शी-वरूड भागातून आपल्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यापर्यंत येऊन ठेपली होती.

खर्चाची बाजू

आता शेतकऱ्याचे गाऱ्हाणे. ते खोटे नाही, आणि जे प्रसारकार्यकर्ते ते हसण्यावारी नेतात त्यांच्यावर शेतकरी पुढे कोणत्याच बाबतीत विश्वास ठेवीत नाही. पोपट कणसे खातात त्याहून अधिक तोडून टाकतात. भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला की तासाभरात पट्टा झोडपून निघतो. हरभऱ्याचे कोवळे कोंब मोर उपटतात. हे नुकसान शिवारभर सारखे वाटले जात नाही, तर एखाद-दुसऱ्या वावरावरच कोसळते, ही त्यातील खरी अडचण आहे.

असे का होते? पूर्वी शिवारात ज्वारीचे क्षेत्र मोठे होते. पाखरे तितकीच असली तरी त्यांचे खाणे शेकडो एकरांत विभागले जाई आणि मचाणावर बसून गोफण फिरविणारी माणसेही जागोजाग असत. कापूस व सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली. आता दोनशे एकरांत एखादाच ज्वारीचा पट्टा उरला, तर साऱ्या गावची पाखरे त्याच पट्ट्यावर उतरणार. पाखरे फार झाली असे वाटते. वस्तुतः ज्वारी फार थोडी झाली आहे. नुकसानीच्या भीतीने तो शेवटचा शेतकरीही ज्वारी सोडतो व त्यासोबत घरची भाकर आणि जनावरांचा कडबाही जातो.

यावर एकट्या शेतकऱ्याने गोफण चालवून भागणार नाही. लगतच्या आठ-दहा शेतकऱ्यांनी विचारविनिमय करून ज्वारीचे पट्टे एकाच बाजूस, एकाच आठवड्यात पेरले तर नुकसान विभागले जाईल आणि राखणही पाळीपाळीने करता येईल. दाणा दुधात आल्यापासून तो टणक होईपर्यंतचा काळच मुख्य जोखमीचा. तेवढ्या काळापुरती, पिळा दिलेली चमकणारी फीत पिकाच्या थोडी वर ताणून बांधल्यास वाऱ्याने होणारी तिची चमक व आवाज यांमुळे पाखरे बिचकतात. ती फार आधी बांधू नये. पाखरांस तिची सवय होते व मग उपयोग राहत नाही. विषारी दाणे टाकणे मात्र सर्वथा वर्ज्य मानावे. ते कायद्याने गुन्हा तर आहेच, पण विष टाकणाऱ्याला पोपट व नीळकंठ यांत निवड करता येत नाही.

थांबे आणि त्यांची संख्या

पक्षीथांब्यांविषयी मला एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या सेवेच्या आरंभीच्या काळात, दुसऱ्या एका तालुक्यात, एका हंगामात किती थांबे उभारले याचा आकडा मी मोठ्या समाधानाने वर पाठविला. त्यांवर पाखरू बसले का, हे पाहावयास मी गेलो नाही. पुढे गेलो तेव्हा बरेचसे थांबे पिकाच्या उंचीखाली गेलेले आढळले. काही तर अळी घाट्यात शिरून गेल्यावर उभारले होते. आकडा बरोबर होता आणि काम वाया गेले होते.

थांबा पिकाहून हातभर उंच हवा, आडवी काठी बोटाएवढ्या जाडीची हवी आणि तो अळ्या लहान व उघड्यावर असतानाच उभा राहावयास हवा. शिफारशींत हेक्टरी २० ते ५० असा आकडा आढळतो. पण पाखरांची ये-जा पाहून तो कमीअधिक करण्यास प्रत्यवाय नाही. हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळून पेरल्यास तीच ताटे जिवंत थांब्यांचे काम देतात. दाणे भरू लागताच काठीचे थांबे काढून घ्यावेत, म्हणजे दाणे खाणाऱ्या पाखरांना आपणच बैठक पुरविली असे होणार नाही. रोहण्यातील त्या तुरीचे थांबे ज्वारीच्या अगदी कडेला होते. ते आत सरकविणे हे माझे पहिले काम होते, आणि ते मला त्या शेतकऱ्याने दाखवून दिले.

थांब्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. तूर-हरभऱ्यावरील घाटेअळी किंवा सोयाबीनवरील पाने खाणारी अळी उघड्यावर असते, म्हणून ती पाखरांच्या चोचीस सापडते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते व तिचा पतंग रात्री हिंडतो. तेथे कामगंध सापळे, फरदड न घेणे व पऱ्हाट्या वेळेवर वावराबाहेर काढणे हेच उपाय होत. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भात केलेली हानी सर्वांच्या स्मरणात आहे. पाखरांच्या नावाने भलते आश्वासन देऊ नये.

त्याच वर्षी लगतच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हेही विसरता येत नाही. जी फवारणी धडधाकट माणसाला जमिनीवर पाडते, ती मूठभर वजनाच्या कोतवालाचे काय करीत असेल, हे वेगळे सांगावयास नको. गरजेविना केलेली एक फवारणी टळली, तर मजुराचा जीव, शेतकऱ्याचा पैसा आणि पाखरांची फौज अशा तिन्हींचे रक्षण होते.

धुरा आणि गोठा

काठीचा थांबा चार महिन्यांचा. धुऱ्यावरचा निंब किंवा बाभूळ पिढ्यान्‌पिढ्यांची. धुऱ्यावरची झाडे सावली पाडतात म्हणून तोडली, धुऱ्यावरचे गवत तणनाशकाने जाळले, आणि मग पाखरे येत नाहीत म्हणून बांबू रोवले, असा उलटा व्यवहार आज ठिकठिकाणी चालू आहे. नीलपंख आणि पिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतात. तितर व लावा यांना गवताचा आडोसा लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पक्षी-अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला असून, ज्यांचा दीर्घकालीन कल ठरविता आला त्यांपैकी सुमारे ६० टक्के प्रजाती घटत असल्याचे दिसून आले. आपला नीलपंखही त्या घटणाऱ्यांत आहे. मोर मात्र वाढला आहे. शेतकरी म्हणतो की नुकसान करणारी पाखरे वाढली व कामाची कमी झाली. त्या म्हणण्यात तथ्यांश आहे, हे यावरून ध्यानात येईल.

गोठ्यातील एका चुकीने काय होते, याचा धडा गिधाडांनी दिलेला आहे. डायक्लोफिनॅक हे औषध टोचलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली. ताप व सूज यांसाठी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध उपलब्ध आहे. पशुवैद्यकास तेवढे विचारून घेणे हे पशुपालकाचे कर्तव्य होय.

कार्यकर्त्यांस सूचना

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा विदर्भाच्या अरण्यात आयुष्य वेचलेल्या मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. हाच काळ तुरीच्या फुलाचा व हरभऱ्याच्या पेरणीचा असतो. तेव्हा भाषणांबरोबरच पुढील कामे हाती घ्यावीत :

१. गावातील एक शिवारफेरी ठरवून शाळेतील मुलांसह दर महिन्यास एकदा फिरावे व दिसलेल्या पाखरांची नावे, ती कोणत्या पिकात व काय खाताना दिसली, हे वहीत लिहावे. नाव स्थानिक बोलीतील असले तरी चालेल.

२. नुकसानीचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे करावी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, तसे अळी पडलेल्या पिकात पाखरे दिसली की पिकाची नासाडी त्यांच्याच माथी मारली जाते. प्रत्यक्ष काय खाल्ले, ते पाहूनच लिहावे.

३. थांब्यांचा अहवाल देताना उभारलेल्या थांब्यांसोबत, पाखरे बसलेल्या थांब्यांची संख्याही द्यावी.

४. विषाने मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता पुरावेत. ते खाऊन घुबड व घारी मरतात.

५. दर धुऱ्यावर निदान एक जुने झाड राखावे.

रोहण्यातील त्या शेतकऱ्यास मी इतकेच सांगू शकलो की, बाबा, येत्या हंगामात तुमची ज्वारी एकटी राहणार नाही, यासाठी मी शेजारच्या चौघांशी बोलतो. त्यांनी मान हलविली. होकार दिला असे म्हणता येणार नाही. मात्र आम्ही बोलत असताना तुरीतल्या एका थांब्यावर कोतवाल येऊन बसला आणि पुन्हापुन्हा खाली झेप घेऊ लागला. ते त्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि निघताना त्यांनी माझ्याकडून आणखी चार थांब्यांसाठी काठीचे माप विचारून घेतले.