निवृत्तीनंतर मुंबई की गाव? एका डॉक्टरचे मत



मे महिना आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुंबईहून आलेले साठीतले जोडपे बीपी तपासून घेते, गोळ्या लिहून घेते आणि उठता उठता विचारते, "डॉक्टर, आता कायमचे इकडेच येऊ म्हणतो. तुमचे मत काय?" घरी आंब्याच्या पेट्या भरलेल्या असतात, खळ्यात नातवंडे खेळत असतात. अशा वेळी कोणीही "या की" असेच म्हणेल. मी मात्र सांगतो, "जुलै महिना इथे राहून बघा, मग बोलू."

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करतो. त्याआधी पंधरा वर्षे मुंबईत काम केले. दोन्हीकडचे रुग्ण पाहिले आहेत, दोन्हीकडे स्वतः राहिलो आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहितो.

मुंबईत राहण्याचे फायदे

पहिला फायदा अर्थातच उपचार. छातीत दुखले तर अँजिओप्लास्टीची सोय असलेले रुग्णालय जवळ असते. किडनी निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस लागते, तेही आसपास मिळते. कॅन्सर, मेंदूचे आजार, गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यांसाठी तज्ज्ञ शोधत जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

दुसरा फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे चालणे. मुंबईचा माणूस स्टेशनला चालत जातो, पूल चढतो-उतरतो, बाजारातून पिशव्या घेऊन चालत येतो. व्यायाम करत नाही म्हणणाऱ्याचेही रोज बऱ्यापैकी चालणे होते.

मुंबईत राहण्याचे तोटे

हवा हा सर्वांत मोठा तोटा. हवेतल्या २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे हे कण फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. त्यामुळे दमा वाढतोच, शिवाय हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम सांगितली. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. मुंबईला तीही पाळणे अवघड जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत तर हवा खाली साचून राहते आणि खोकल्याचे रुग्ण वाढतात.

दुसरा तोटा आवाजाचा. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही कायद्याने ठरवलेली मर्यादा आहे. रस्त्यालगतच्या इमारतीत राहणाऱ्यांनी ती कधी अनुभवली असेल असे वाटत नाही. झोप वारंवार मोडत राहिली की रक्तदाबही वर राहतो.

तिसरा तोटा एकटेपणाचा. मुले कामावर, नातवंडे शाळेत आणि आजी-आजोबा बाराव्या मजल्यावर. एकटेपणाने हृदयविकाराचा आणि विसरभोळेपणाच्या आजाराचा, म्हणजे डिमेन्शियाचा, धोका वाढतो हे आता चांगले माहीत झाले आहे. माझ्या मुंबईतल्या ओपीडीत काही ज्येष्ठ मंडळी दर आठवड्याला यायची. त्यांचा आजार गोळीने बरा होणारा नव्हता. त्यांना कोणाशी तरी बोलायचे असायचे.

गावात राहण्याचे फायदे

हवा बहुतेक दिवस चांगली. रात्र शांत. परसातली भाजी, सकाळची पेज. पण माझ्या मते सर्वांत मोठा फायदा म्हणजे शेजार. सकाळी नऊपर्यंत तुमचे दार उघडले नाही तर कोणीतरी हाक मारतेच, "काका, उठलात काय?" ही हाक कोणत्याही तपासणीपेक्षा कमी मोलाची नाही. बाथरूममध्ये पडलेला माणूस दोन दिवस कोणाला सापडला नाही, असे गावात सहसा होत नाही.

गावात माणसाला कामही असते. देवळाचा उत्सव, भजन, बागेतली झाडे, कोणाच्या तरी लग्नाची तयारी. निवृत्त माणसाला सकाळी उठायला कारण लागते आणि गाव ते कारण देते.

गावात राहण्याचे तोटे

आता जुलै महिन्याकडे येऊ. तुम्ही मे महिन्यात आणि गणपतीत गाव पाहता. मधला पावसाळा तुमच्या आठवणीतून निसटलेला असतो.

पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि पाखाडीवर शेवाळ धरते. साठीनंतर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे कित्येक महिने त्यातच जातात. काही जण पुन्हा पूर्वीसारखे चालतच नाहीत.

शेतातल्या चिखलात, साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसली तर "पावसात भिजलो म्हणून ताप आला" असे समजून घरी बसू नका.

सापांचे म्हणाल तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. त्यांच्यावरचे प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळते. दंश झाल्यावर करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय न हलवता थेट रुग्णालय गाठा. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश दुखतही नाही. म्हणून कॉटवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

विंचूदंशाच्या बाबतीत मात्र कोकणाला अभिमान वाटावा असे काम झाले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. त्यांचे हे काम १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकातून जगापुढे गेले. ग्रामीण भागात चांगले वैद्यकीय काम होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

आणखी दोन तोटे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पहिला, गावात धूरही असतो. चूल, पालापाचोळ्याची आग आणि उन्हाळ्यातली भाजावळ यांचा धूर फुप्फुसाला शहरातल्या धुराइतकाच नकोसा असतो. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या, पण चुलीपुढे बसलेल्या कितीतरी आजी माझ्याकडे दम्यासारख्या त्रासासाठी येतात. दुसरा, मुंबईहून परतलेला माणूस गावात कमी चालतो. स्टेशन नाही, पूल नाही आणि कोपऱ्यावर जायलाही स्कूटर. वर तीन वेळा भात. वर्षभरात वजन आणि साखर दोन्ही वाढलेली दिसते.

अंतराचा प्रश्न तर सर्वांना माहीत आहे. आमच्याकडचा गंभीर रुग्ण बांबोळीला गोव्यात किंवा घाट चढून कोल्हापूरला जातो. पावसात घाटात दरड आली की हा रस्ता आणखी लांबतो.

माझ्या घरची गोष्ट

हे सगळे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे बाबा निवृत्तीनंतर परळची खोली सोडून गावी आले. मी तेव्हा मुंबईतच होतो. अकरा वर्षे ते आनंदात राहिले.

एका जुलै महिन्यात ते पहाटे पाचला उठले, चुलीवर चहा ठेवला. तोपर्यंत सर्व ठीक होते. साडेपाचला त्यांच्या उजव्या हातातून कप पडला. "रात्री हातावर झोपलो असेन," असे ते म्हणाले. आईने हाताला तेल लावून चोळले. पाऊस जोरात होता, उजाडू दे म्हणून थांबले. आठ वाजता तोंड वाकडे झालेले दिसले आणि बोलणे अडखळू लागले. सव्वाआठला मला फोन आला. गाडी मिळाली, वाटेत झाड पडलेले होते, वळसा घालावा लागला. सीटी स्कॅनपर्यंत पोचायला दहा वाजून वीस मिनिटे झाली.

रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही निवडक रुग्णांत त्यानंतरही उपचार करता येतात, पण मेंदूच्या पेशी दर मिनिटाला मरत असतात. बाबांची ती वेळ दहा वाजता संपली होती. त्यांचा उजवा हात आजही नीट चालत नाही.

नातेवाईक मला म्हणाले, "मुंबईतच ठेवले असतेस तर?" मीही कितीतरी रात्री हेच म्हणत होतो. मग एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. झाडामुळे गेली चाळीस मिनिटे. फोन केल्यापासून सीटी स्कॅनपर्यंतचा सगळा प्रवास दोन तास पाच मिनिटांचा. आणि कप पडल्यापासून फोन करेपर्यंत घरातच गेले पावणेतीन तास.

झाड पडले नसते तरी ते पावणेदहाच्या सुमारास पोचले असते आणि तपासणी होऊन इंजेक्शन मिळेपर्यंत वेळ उलटून गेली असती. उलट कप पडल्याबरोबर निघाले असते तर झाडाचा वळसा घालूनही आठच्या आत पोचले असते. अंतर रस्त्यापेक्षा घरात जास्त होते. आणि त्यात चूक आईची नव्हती. मी डॉक्टर असून माझ्या आईला पक्षाघात कसा ओळखायचा हे कधी सांगितले नव्हते. मुंबईतल्या घरातही तिने तेलच चोळले असते.

त्यानंतर दोन वर्षांनी मी इकडे आलो.

मग माझे मत काय?

गावी या. पण तुम्ही राहता ती जागा काय देते आणि काय घेते, याचा हिशेब आधी करा. मे महिन्यात निर्णय घेऊ नका आणि मुंबईची खोली विकण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा इथे काढा.

ज्यांना डायलिसिस किंवा केमोथेरपी सुरू आहे, ज्यांचे हृदय कमजोर असून वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागते, त्यांनी आडवाडीतल्या घरात एकट्याने राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशांसाठी मधला मार्ग आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी घर बघा आणि गावच्या घरी दिवसा जाऊन या. यात कमीपणा काही नाही.

बाकीच्यांनी येण्यापूर्वी एवढे करावे:

१. छातीत दुखल्यास आणि पक्षाघात झाल्यास नेमके कुठे जायचे, हे आजच ठरवा. सीटी स्कॅन कुठे आहे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कुठे मिळते, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहा आणि कागद भिंतीवर लावा.

२. १०८ क्रमांकाशिवाय वाडीतल्या दोन गाडीवाल्यांचे क्रमांक लिहून ठेवा. घरात कुठे उभे राहिले की मोबाईलला रेंज येते, तेही घरातल्या सर्वांना माहीत हवे.

३. घरातल्या प्रत्येकाला तीन खुणा शिकवा. हसायला सांगा, तोंड वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक हात खाली पडतो का? एक वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का? यातले एक जरी असले तरी लगेच निघा. तेल नको, चहा नको, उजाडायची वाट नको.

४. नेहमीची औषधे महिनाभर पुरतील एवढी ठेवा. वीज गेल्यावर इन्सुलिनची काळजी वाटते. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, पिशवीत गुंडाळून ठेवले तरी चालते.

५. बाथरूममध्ये आणि पायऱ्यांना धरायला दांडा बसवा. पावसाआधी शेवाळ घासून काढा. विहिरीचे पाणी उकळून प्या.

६. रोज अर्धा तास चाला. पाऊस असेल तर पडवीत चाला.

मुंबईतच राहायचे ठरवले असेल तरी यातला पहिला आणि तिसरा मुद्दा तुम्हालाही तितकाच लागू आहे. वाहतूक कोंडीत अडकलेली अॅम्ब्युलन्स आणि पडलेल्या झाडापलीकडे अडकलेली गाडी यांत रुग्णाच्या दृष्टीने काही फरक नसतो. मुंबईकरांनी आणखी एक करावे. मजल्यावरच्या एका शेजाऱ्याला सांगून ठेवावे, "सकाळी नऊपर्यंत माझे दार उघडले नाही तर बेल वाजवा." गावातली ही गोष्ट शहरातही करता येते, फक्त तिथे ती मुद्दाम ठरवावी लागते.

बाबांना मी अलीकडे विचारले, "परत मुंबईला जाऊया का?" ते पडवीत बसून डाव्या हाताने पेपर उलटत होते. म्हणाले, "तिकडे जाऊन करू काय?" आईने मात्र लगेच भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवले. त्यातला एक फोन क्रमांक बदलला होता, तो तिला नव्याने लिहून हवा होता.

तुमच्या भिंतीवरचा कागद आज रात्री जेवणानंतर लिहून काढा. पाच मिनिटे लागतील.